गच्चीवरचे दोन पेशंट

सिस्टरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे सिस्टरच म्हणतात. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढल्यावर माणूस घरी येतो, पण वॉर्ड त्याच्या अंगातून जात नाही. घरातल्या चादरी सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी बदलायच्या म्हणजे बदलायच्याच. वॉर्डात तेच वार होते. त्या दिवशी सकाळी कुणी गाढ झोपेत असलं तरी त्याला कुशीवर वळवून, झोप न मोडता, खालून चादर काढून घ्यायची कला सिस्टरांच्या हातात होती. आणि दुसरं म्हणजे, घरात काहीही बिघडलं की आधी त्याचा चार्ट. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं तेव्हा त्यांनी आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याची वेळ लिहून ठेवली, आणि आठव्या दिवशी "याला आता आराम द्या" म्हणून ते खाली उतरवलं.

त्यांचे यजमान कारखान्यात टर्नर होते. तेही आता घरीच. मागच्या अंगणात पत्र्याची शेड, शेडमध्ये लाकूड कातायचा लेथ, आणि लेथपाशी ते. खुर्च्यांचे पाय, पलंगाचे खूर, पटाशीच्या मुठी, कपाटांची बोंडं, जे काही लाकडाचं आणि गोल असेल ते त्यांच्याकडून यायचं. उशिरा यायचं, पण असं यायचं की घेणारा चार वेळा हात फिरवून बघायचा. केव्हा मिळेल असं विचारलं की उत्तर एकच: "होतंय." गल्ली त्यांना समोर मिस्त्री म्हणायची आणि पाठीमागे होतंय मिस्त्री. मिस्त्रींना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं.

घरच्या कामांनाही तेच उत्तर होतं. न्हाणीघराची कडी, होतंय. लेकीच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय, होतंय. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीचा एका बाजूचा खांब गंजून आडवा झाला त्याला चार वर्षं झाली होती. सिस्टरांनी दोरीचं ते टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं होतं आणि नवा खांब होत होता.

सिस्टरांचा लेथवर राग होता का? तसा नव्हता. त्यांचं गणित साधं होतं. चौतीस वर्षांत अर्ध्या रात्री ड्यूटीवर गेल्या आणि अर्धे दिवस झोपेत. निवृत्त झाल्यावर त्यांना नवऱ्याबरोबर दिवस हवे होते. फार काही नाही, दोन खुर्च्या, दोन कप चहा आणि कुणीतरी "मग पुढे काय झालं?" विचारणारं. दिवस आले, खुर्च्याही होत्या, पण नवरा शेडमध्ये असायचा. चहा घेऊन गेलं की तो कप भुशात ठेवायचा, आणि सिस्टर तिथे उभ्या आहेत हे त्याला कप रिकामा झाल्यावर कळायचं.

तर ही अशी परिस्थिती असताना लेकीची मुलाखत आली.

लेक नकाशे काढायची. घरात बसून, संगणकावर. एका मोठ्या कंपनीत जागा निघाली होती आणि मुलाखतही संगणकावरच होती, मंगळवारी अकरा वाजता. तिने सकाळी नाश्त्याला बाबांना सांगितलं होतं की अकरा ते बारा लेथ लावू नका, घरातला फ्यूज उडतो. शेडमध्ये वीज जायची ती स्वयंपाकघरातून ओढलेल्या वायरीतून, आणि लेथ सुरू होताना असा मोठा घोट घ्यायचा की कधी कधी सगळं घर मिटायचं. मिस्त्रींनी मान हलवली होती. पण मान हलवली तेव्हा ते मनाने एका खुर्चीच्या पायाच्या गोलाईत होते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तिकडच्या बाईंनी विचारलं की तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता. लेक म्हणाली, "काहीही अडचण आली तरी माझं डोकं शांत राहतं," आणि पडदा काळा झाला. त्यानंतर तिने जी "बाबा" अशी हाक मारली ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेली. वीज गेलेलीच होती, म्हणून ती तिकडच्या बाईंना ऐकू गेली नाही, एवढंच काय ते नशीब.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी मेन स्विच खाली केला, प्लग उपटला, आणि कपाटातून बँडेज कापायची कात्री आणून शेडकडे जाणारी वायर मधोमध कापली. मिस्त्री दारात भुशाने माखलेले उभे होते.

"ही नळी मी काढली," सिस्टर म्हणाल्या. "आता घराची वीज लेथला मिळायची नाही. त्याला स्वतःचा श्वास स्वतः घेता आला तर तो राहील. नाहीतर फर्निचरवाले केव्हाचे मागतायत, त्यांना नेऊ दे."

फर्निचरवाले हे मिस्त्रींचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा त्या लेथवर वीस वर्षांपासून डोळा होता. त्यांना फोन झाला, मुदत ठरली: पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार. त्या दिवशी फर्निचरवाल्यांसमोर लेथने मध्ये न थांबता खुर्चीचा एक पाय पहिल्यापासून शेवटपर्यंत कातून द्यायचा. थांबला, तर त्याच दिवशी टेंपोत चढायचा. मिस्त्री सगळं ऐकून घेत होते. शेवटी ते काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते तेच म्हणाले.

पण या वेळी खरंच व्हायला लागलं. दुसऱ्याच दिवशी ते दातांच्या डॉक्टरांकडून चार सोलर पॅनेलं घेऊन आले. डॉक्टरांनी दवाखान्यावर नवी मोठी बसवली होती, जुनी तशीच पडून होती, आणि डॉक्टरांच्या आरामखुर्चीला मिस्त्रींनी एकदा नवे हात करून दिले होते. बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानातून एक इन्व्हर्टर आणि दोन भल्या मोठ्या बॅटऱ्या आल्या. उन्हातून किती वीज बॅटरीत सोडायची ते ठरवणारा एक छोटा डबा तेवढा नवा घेतला. गल्लीतल्या वायरमनने येऊन सगळी जोडणी नजरेखालून घातली, एक मोठा स्विच मध्ये टाकायला लावला, आणि बॅटऱ्यांकडे बघून म्हणाला की यांचं वय झालंय. मिस्त्री म्हणाले, माझंही झालंय.

अडलं ते स्टँडवर. पॅनेलं सूर्याकडे तोंड करून तिरकी ठेवायची, आणि सूर्य ऋतूप्रमाणे खाली-वर होतो, तेव्हा तिरकेपणा बदलता आला पाहिजे. मिस्त्री तीन दिवस कागदावर बिजागऱ्या काढत बसले. चौथ्या दिवशी सिस्टरांनी मागून डोकावून चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, अहो, ही तर खाट आहे.

हॉस्पिटलच्या भंगारात लोखंडी खाटा पडल्या होत्या, पायाशी हँडल असलेल्या. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू उचलली जाते आणि पेशंट बसता होतो. स्टोअरकीपर सिस्टरांना अजून घाबरत असे. दोन खाटा निघाल्या. हातगाडीवरून गल्लीत आल्या, दोरांनी गच्चीवर चढल्या, आणि हे चालू असताना निम्मी गल्ली खाली काळजीने उभी राहिली. कोण आजारी आहे, असं समोरच्या आजींनी विचारलं. सिस्टर वरून म्हणाल्या, लेथ.

खाटा आल्यावर सिस्टरांना गच्चीवरून खाली उतरवणं कुणाला शक्य नव्हतं. मिस्त्री भोकं पाडायचे, पट्ट्या आवळायचे, आणि सिस्टर शेजारी उभ्या राहून पाने, स्क्रू, वॉशर हातात द्यायच्या. त्या ऑपरेशन थिएटरमध्येही काही वर्षं होत्या. मिस्त्रींनी हात पुढे केला की मागायच्या आत योग्य तो पाना तळहातावर पडायचा, आणि तोही मुठीकडून. बत्तीस वर्षांत कारखान्यात असा हेल्पर मिळाला नाही, असं मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी केलेलं पंधरा-वीस वर्षांतलं पहिलं कौतुक होतं. सिस्टरांनी ते ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुढचा स्क्रू जरा जास्तच हळू दिला.

एका रविवारी मिस्त्री खडू घेऊन सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत गच्चीवर बसले. टाकीची सावली, कठड्याची सावली, शेजारच्या अँटेनाची सावली, दर अर्ध्या तासाला कुठे पडते त्याच्या रेघा मारल्या. कारखान्यात केसाएवढ्या मापावर काम केलेला माणूस, एकही रेघ अंदाजाने मारली नाही. जिथे दिवसभर एकाही सावलीचं बोट पोचत नव्हतं तिथे दोन्ही खाटा मांडल्या, पायांशी वाळूची पोती ठेवली, आणि खाटांवर दोन दोन पॅनेलं झोपवली. सिस्टरांनी हँडल फिरवून त्यांना बसतं केलं. "उशी अजून उंच करू का?" त्यांनी विचारलं. मिस्त्री कोन बघत होते. "थोडी," ते गंभीरपणे म्हणाले, आणि मग दोघांनाही हसू आलं.

खाटा आल्या, तेव्हा टाकीच्या पाइपाकडे जायची वाट बंद झाली. म्हणजे दोरीचं टोक पुन्हा अधांतरी. खांबाचं काय, असं सिस्टरांनी विचारलं, आणि उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी स्वतःच बघितलं तर एका खाटेला सलाईनची बाटली टांगायचा उंच दांडा होता. मजबूत, हाताशी, जणू त्यासाठीच. दोरी त्याला बांधली.

चार्ट आलाच. खाटेच्या पायाशी, जिथे तो असतो तिथेच, फळीला अडकवून. आठ, बारा आणि चार, या वेळांना बॅटरीत जाणाऱ्या विजेचा आकडा. शेडमधून तारा वर ओढून मिस्त्रींनी एक काट्याचा मीटर खाटेलाच बसवून दिला होता, सिस्टरांना सारखं खाली उतरावं लागू नये म्हणून.

पुढच्या रविवारी लेथ पहिल्यांदा उन्हावर चालला. मिस्त्रींनी अर्धा तास एक ठोकळा गोल केला आणि इन्व्हर्टर हूं की चूं न करता चालत राहिला. लेकीने टाळ्या वाजवल्या. तिला तोवर पुन्हा मुलाखतीला बोलावून नोकरीही मिळाली होती, त्यामुळे ती आता बाबांवर रागावलेली नव्हती, फक्त दिवसातून एकदा "अडचण आली तरी" असं म्हणून दाखवायची.

सोमवारी दुपारी लेथ दहा मिनिटांत गचकन थांबला. मिस्त्रींनी सगळे जोड उघडून पुन्हा आवळले. मंगळवारी चालला. जोड ढिले होते, मिस्त्री म्हणाले. बुधवारीही चालला. गुरुवारी थांबला. त्यांनी बॅटऱ्यांत पाणी घातलं. शुक्रवारी चालला. पाणी कमी होतं, ते म्हणाले. शनिवारी थांबला. त्यांनी वायर बदलून दुप्पट जाड वायर ओढली आणि रविवारी लेथ इतका सुरेख चालला की त्यांनी ठोकळ्यातून एक भोवरा काढला. सोमवारी पुन्हा गचका. एवढे रोग एकाच देहात असतील यावर त्यांचा आता विश्वास बसत चालला होता.

यात एक गोष्ट त्यांना कळणं शक्य नव्हतं, कारण ती कळायला गच्चीवर असावं लागलं असतं. एरवी ते दिवसातून दहा वेळा वर यायचे. पण चादरी धुवायच्या दिवशी, साधारण साडेनऊपासून चादरी उतरेपर्यंत, मिस्त्री गच्चीच्या जिन्याकडे फिरकत नसत. ओल्या चादरी पिळायला दोन माणसं लागतात, आणि ते दुसरं माणूस आपण होऊ नये, एवढी खबरदारी ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून घेत आले होते. बादली उचलल्याचा आवाज आला की त्यांना स्क्रू आणायला बाहेर जावं लागे. घरात स्क्रू किलोंनी होते.

दुसऱ्या गुरुवारी सिस्टरांनी एकटीने चादर पिळली, झटकली, आणि दोरीवर टाकायला उचलली. सहज नजर मीटरवर गेली. काटा झोपत होता. त्यांनी चादर बाजूला घेतली, काटा उठला. चादर पुन्हा दोरीवर धरली, काटा झोपला. तीनदा केलं. चादरीची सावली चारांतल्या एकाच पॅनेलवर पडत होती, पण चारही एकाच रांगेत जोडलेली होती. अरुंद कॉरिडॉरमध्ये एक स्ट्रेचर आडवं लागलं की मागचे-पुढचे सगळे खोळंबतात, तसंच हे. मग त्यांनी चार्ट काढला. सोमवार, गुरुवार, शनिवार, बाराचा आकडा खाली, चारचा त्याहून खाली. बॅटऱ्या उपाशीच राहत होत्या, आणि उपाशी पोटी लेथचा तो मोठा घोट त्यांना सोसत नव्हता. इतकं स्पष्ट निदान त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यांनी चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि खाली गेल्या.

का सांगितलं नाही? स्वतःला त्यांनी कारण दिलं की अजून एकदा खात्री करू. खरं कारण त्यांना ठाऊक होतं. गेले तीन आठवडे नवरा त्यांच्याजवळ होता. पाना मागत, कोन मोजत, कारखान्यातल्या जुन्या गोष्टी सांगत, चक्क त्यांच्याही ऐकत. वॉर्डातली बारा नंबरच्या खाटेची गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती मिस्त्रींनी पाना हातात धरून पूर्ण ऐकली आणि विचारलं, "मग पुढे काय झालं?" लेथ बरा झाला की हे सगळं शेडमध्ये परत जाणार. आणि लेथ गेला, तर शेडच उरणार नाही. तोंड उघडायचं नाही, इतकंच करायचं होतं. सिस्टरांना स्वतःची लाज वाटली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

शनिवारी चादरी धुतल्या. शनिवार होता. लेथ थांबला. या वेळी मिस्त्रींनी काहीच उघडलं नाही. ते शेडमध्ये एका ठोकळ्यावर बसून राहिले आणि मग त्यांनी तेलाचं फडकं घेऊन लेथ पुसायला सुरुवात केली, पट्टा, मधली दांडी, टोकाचा खिळा, सगळं सावकाश. गिऱ्हाईक बघायला येणार तर जिन्नस स्वच्छ असावा, असं लेकीला म्हणाले. रविवारी लेथ चालला तरी त्यांना आनंद झाला नाही. सुट्टीच्या दिवशी पेशंटला बरं वाटतंच, ते सिस्टरांना म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत.

मग तो सोमवार उजाडला. सिस्टरांनी सकाळी चादरी भिजवल्या, धुतल्या, पिळल्या आणि वाळत घातल्या. हात त्यांच्या सवयीने चालत होते, आणि सवयीला कोण दोष देणार, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं होतं.

फर्निचरवाले बाराला यायचे ते साडेदहालाच आले. टेंपो बाहेर उभा केला. मिस्त्री तोवर स्क्रू आणायला गेलेले होते. सिस्टरांनी चहा टाकला, आणि कप पुढे करताना काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या की आज तरी होतंय म्हणायची पाळी येणार नाही, एकदाचा निकाल लागेल.

फर्निचरवाल्यांना हसू आलं. "ते नाव मीच पाडलंय, सिस्टर. तुम्हाला माहीत नाही?"

सिस्टरांना माहीत नव्हतं.

"सव्वीस वर्षं झाली. मी पहिल्यांदा आलो तो सहा पायांची ऑर्डर घेऊन. कारखान्याच्या सुट्टीचा वार, भर दुपार, आणि लेथ बंद. मिस्त्री आपले लाकूड मांडीवर घेऊन हाताने पॉलिश कागद घासतायत. मी म्हटलं, अहो मशीन असताना हे काय? तर ओठांवर बोट. म्हणाले, आत सिस्टर झोपल्यात, नाइट करून आल्यात. चार वाजेपर्यंत चाक फिरायचं नाही. मग कधी मिळणार म्हटलं, तर म्हणाले, होतंय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "सहा पायांना पंधरा दिवस. जो येईल त्याला हेच. तुमची नाइट असली की गिऱ्हाईक ताटकळत. मीच सगळ्यांना सांगायला लागलो, होतंय मिस्त्रींकडे जा, उशिरा मिळेल पण मिळेल."

सिस्टर हातात किटली घेऊन उभ्या होत्या. नाइटनंतरची त्यांची झोप सगळ्या हॉस्पिटलात प्रसिद्ध होती. बाकीच्या जणी म्हणायच्या की दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सिस्टर म्हणायच्या, आमचं घर शांत आहे हो. सव्वीस वर्षं त्यांना वाटत होतं की घरच शांत आहे. आणि तेवढीच वर्षं त्या इतरांबरोबर नवऱ्याच्या त्या एका शब्दाला हसत होत्या. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "मला जरा पेशंट बघून यायचाय."

जिना त्या वयाला न शोभेल अशा वेगाने चढल्या. पावणेअकरा झाले होते. चारही चादरी, दोन अभ्रे आणि मिस्त्रींचा निळा कामाचा डगला त्यांनी ओलाच ओढून बादलीत कोंबला. काटा ताडकन उठला. हँडल दोन फेरे फिरवून त्यांनी दोन्ही खाटा अजून जरा बसत्या केल्या, कपाळावर हात ठेवावा तसा एका पॅनेलवर हात ठेवून पाहिला, आणि धूळ दिसली म्हणून त्याच ओल्या अभ्र्याने चारही पॅनेलं पुसून काढली.

बाराला मिस्त्रींनी लेथला लाकूड लावलं. फर्निचरवाले, लेक आणि सिस्टर दाराशी. मिस्त्रींनी स्विचवर हात ठेवला, आणि क्षणभर तो तसाच राहिला. मग दाबला. लेथने घोट घेतला, इन्व्हर्टर एकदा घोगरा झाला, आणि चाक फिरायला लागलं. पटाशी टेकली. लांब, पातळ सालं मिस्त्रींच्या मनगटावरून मागे जायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दहाव्या मिनिटाला मिस्त्रींचे खांदे वर गेले, गचक्याची वाट बघत. गचका आला नाही. वीस मिनिटांनी पाय तयार झाला, वर एक मण्यासारखी कडी, खाली निमुळता. फर्निचरवाल्यांनी त्यावर चार वेळा हात फिरवला.

"असले बत्तीस द्या," ते म्हणाले. "लेथ इथेच बरा आहे. माझ्याकडे नेऊन तो असं थोडंच कातणार." आणि ते रिकामा टेंपो घेऊन गेले.

लेक आत फोनवर मैत्रिणीला सांगायला गेली. मिस्त्री भुसा झाडत होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की सिस्टरांना वाटलं, आज राहू दे. पण चौतीस वर्षांत त्यांनी एकही चार्ट लपवला नव्हता. त्यांनी फळी पुढे केली. सोमवार, गुरुवार, शनिवारभोवती लाल पेन्सिलीने गोल केले होते.

मिस्त्रींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग दारातल्या बादलीकडे बघितलं, जिच्यातून त्यांच्या स्वतःच्या डगल्याची बाही बाहेर लोंबत होती.

"चादरी," ते म्हणाले.

"हो. दोरी सलाईनच्या दांड्याला बांधलीये."

"खांब नव्हता म्हणून."

"खांब होत होता म्हणून," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रींनी एवढं मान्य केलं. मग त्यांची नजर पुन्हा तारखांवर गेली. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आणि शनिवारी? आज?"

"शनिवारी शनिवार होता. आज सोमवार." सिस्टर म्हणाल्या. "लेथ चालला की तुम्ही परत इथे येऊन बसणार. मला वर बरं वाटत होतं. म्हणून नाही सांगितलं."

मिस्त्रींनी चष्मा काढला, त्यावरचा भुसा पुसला, पुन्हा घातला. रागवावं असं त्यांना वाटलं असेल तर ते चेहऱ्यावर दिसलं नाही. ते उठले, बादली उचलली आणि जिन्याकडे निघाले.

"चल," ते म्हणाले. "चादरी तशाच ओल्या कोंबल्यास. पुन्हा पिळायला लागतील."

त्या दिवशी सदतीस वर्षांत पहिल्यांदा दोघांनी मिळून चादर पिळली. मिस्त्री उलट्या बाजूला पिळत होते, त्यामुळे पहिली चादर नुसतीच गोल फिरली. दुसरी जमली. पिळून झाल्यावर त्यांनी स्वतःच ती त्याच दोरीवर टाकली. काटा झोपला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि खाटेच्या सावलीला दोन खुर्च्या ओढल्या.

बत्तीस पाय दीड महिन्यात गेले. मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार लेथ चालतो. सोमवार, गुरुवार आणि शनिवार ऊन चादरींचं, आणि मिस्त्री गच्चीवर. दोरीचं टोक अजून सलाईनच्या दांड्यालाच आहे. परवा लेकीने विचारलं की खांब करणं म्हणजे बाबांना तासाभराचं काम, मग तो का नाही उभा राहत? मिस्त्री कोन तपासण्यात गर्क झाले.

सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"होतंय," त्या म्हणाल्या.